सांधेदुखीचा केसपेपर : मोजमाप, नोंद आणि आठवड्याची गोळी

प्रतिवर्षी या अहवालात रुग्णालयातील एका विभागाच्या कामाची ओळख करून देणारा अभ्यासलेख असतो. यंदा त्यासाठी सांधेविकारांचा बाह्यरुग्ण विभाग निवडला आहे. छायाचित्र काढून दाखवावे असे यंत्र या विभागात नाही, शस्त्रक्रियागृह नाही, स्वतंत्र खाटाही नाहीत. एक टेबल, तपासणीची कॉट, वजनकाटा आणि केसपेपरांचे कपाट एवढाच त्याचा संसार. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून औषधोपचाराचे सर्व निर्णय आमच्या डॉक्टरांचे आहेत, हे आरंभीच नमूद करणे उचित होईल. मात्र या आजारात उपचाराचा दर्जा पुष्कळ अंशी नोंद, औषधांचा साठा आणि भेटींचे वेळापत्रक यांवर ठरतो. ही तीनही कामे प्रशासनाच्या पदरात येतात, म्हणून हे लेखन.

सांधेदुखी हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. उतारवयात गुडघ्याची झीज होते तेही दुखणे, यूरिक आम्ल साचून पायाचा अंगठा रात्रीतून सुजतो तेही दुखणे. २००६ साली राज्यात चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा ताप उतरल्यानंतरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले होते, ते अनेक वाचकांना आठवत असेल. या सर्वांपासून वेगळा काढावयाचा आजार म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात. आपल्याकडे त्याला सर्रास आमवात म्हणतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमांतर्गत घरोघर पाहणी हाती घेण्यात आली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे आढळले, तर ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण साधारण अर्धा टक्का होते. अर्धा टक्का ऐकावयास किरकोळ वाटतो. पण एक लाख प्रौढ असलेल्या तालुक्यास हेच प्रमाण लावले, तर पाचशे घरांत हा आजार निघतो, आणि त्यांतील बहुसंख्य रुग्ण स्त्रिया असतात.

या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतील पातळ अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि पुढे शेजारचे हाड व कूर्चा कुरतडू लागते. सूज औषधाने उतरते. कुरतडलेले हाड मात्र पूर्ववत होत नाही. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांस एवढे महत्त्व आहे. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशींनुसार सांध्यांना सूज असलेला रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत तज्ज्ञापर्यंत पोहोचावा आणि दीर्घकाळ टिकण्याची शक्यता असलेल्या संधिवातात तीन महिन्यांच्या आत मूळ आजारावरील औषध सुरू व्हावे. आपल्या भागातील वाट निराळी असते. आधी तेल, मग पट्टा, मग कोणीतरी सांगितलेली पुडी, मग गुडघ्याचा एक्स-रे, आणि सरतेशेवटी बोटे वाकडी होऊ लागल्यावर रुग्णालय.

कुटुंबीयांनी ओळखावयाची खूण सोपी आहे. हातापायांच्या लहान सांध्यांना, बहुधा दोन्ही बाजूंना, सूज येते; सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात आणि ती सैल होण्यास अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. झिजेचे दुखणे बहुधा चालल्याने वाढते व बसल्यावर कमी होते. येथे विश्रांतीनंतरच त्रास अधिक. ‘वाताची रक्ततपासणी’ म्हणून जी आर. ए. फॅक्टर चाचणी सर्वत्र केली जाते, तिच्याविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ती निर्दोष आली तरी आजार असू शकतो, आणि दोषी आली तरी आजार असेलच असे नाही. काही निरोगी वृद्धांत व दीर्घकालीन संसर्गातही ती दोषी येते. सुजलेला सांधा हाताने तपासल्याखेरीज त्या कागदाला फारसा अर्थ नाही, असे आमचे डॉक्टर वारंवार सांगतात.

आता मोजमापाकडे वळू. मधुमेहात साखर मोजतात, रक्तदाबात पारा मोजतात. सांधेविकारात मात्र बहुतेक ठिकाणी केसपेपरवर ‘बरे आहे’ आणि ‘तेच औषध चालू’ एवढीच नोंद असते. हिशेबाच्या दृष्टीने पाहिल्यास ही शिलकेचा आकडा नसलेली खतावणी होय. मागील भेटीपेक्षा आजार वाढला की उतरला, हे त्या नोंदीवरून कोणासही सांगता येत नाही. मग औषध बदलण्याचा निर्णय तरी कशाच्या आधारे व्हावा?

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक अभ्यास ग्लासगो येथे झाला व २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ११० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची नेहमीप्रमाणे सुमारे तीन महिन्यांनी भेट व उपचार. दुसऱ्या गटाची दरमहा भेट, प्रत्येक भेटीत आजाराचे अंकात मोजमाप, आणि अंक ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर औषधात वाढ. दीड वर्षानंतर नेहमीच्या गटात १६ टक्के, तर मोजमापाच्या गटात ६५ टक्के रुग्णांचा आजार जवळजवळ शांत झालेला आढळला. विशेष म्हणजे यात महागडी जैविक औषधे वापरलेली नव्हती. औषधे जुनी व परिचयाचीच होती. एकूण खर्चही दुसऱ्या गटाचा अधिक भरला नाही. मर्यादित निधीत काम करणाऱ्या विश्वस्त संस्थेने या अभ्यासाचे सर्वांत बारकाईने वाचन करावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मोजमापाच्या अनेक पद्धती आहेत. आपल्या विभागाने त्यांपैकी व्हिएन्ना येथील तज्ज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेली साधी पद्धत स्वीकारली, कारण तीत रक्ताच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस सांधे, असे एकूण २८ सांधे तपासावयाचे. त्यांपैकी किती सुजलेले व किती दाबल्यावर दुखणारे, ते मोजावयाचे. त्यात रुग्णाने आपल्या त्रासास शून्य ते दहापैकी दिलेला एक अंक आणि डॉक्टरांनी दिलेला एक अंक मिळवावयाचा. बेरीज जास्तीत जास्त ७६ होते. २.८ किंवा त्याखाली म्हणजे आजार शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. पावलांचे सांधे या मोजणीत येत नाहीत, ही तिची उणीव आहे. म्हणून आमच्या डॉक्टरांनी रुग्णास चपला काढावयास लावून पाय पाहण्याचा व केसपेपरवर वेगळी नोंद करण्याचा नियम घातला आहे.

दहापैकी अंक देणे शाळा न पाहिलेल्या वयस्क रुग्णांस प्रारंभी जड गेले. एका आजींनी परिचारिकेस सरळ सांगितले, “बाई, बारा आणे दुखतंय, चार आणे बरं हाय.” परिचारिकेने त्यावरून सोळा आण्यांची एक पट्टी कागदावर आखली व खाली दहाचे अंक लिहिले. बारा आणे म्हणजे साडेसात. नवीन पिढीस आणे ठाऊक नाहीत, तिच्यासाठी दहा पायऱ्यांची शिडी काढली आहे. दोन्ही पट्ट्या टेबलाच्या काचेखाली आहेत.

सांध्यांच्या मोजणीबरोबर रोजच्या कामांचीही विचारणा होते. अशा प्रश्नावल्या प्रथम परदेशात तयार झाल्या, तेव्हा त्यांत खुर्चीवरून उठणे, नळ फिरवणे असे प्रश्न होते. दिल्लीतील तज्ज्ञांनी पुढे त्यांची भारतीय आवृत्ती तयार केली, तीत उकिडवे बसणे, मांडी घालणे यांसारख्या आपल्याकडील कामांचा विचार केला गेला. आमच्या परिचारिका गप्पांच्या ओघात आणखी काही विचारतात : भाकरी थापता येते का, पिळा घालून धुणे वाळत टाकता येते का, ब्लाउजची बटणे कोण लावते, विळी धरता येते का. ‘बरं आहे’ म्हणणारी स्त्री या प्रश्नांना खरी उत्तरे देते. डॉक्टरांपुढे दुखणे कमी करून सांगण्याची आपल्या स्त्रियांची सवय फार जुनी आहे.

या आजाराचे प्रमुख औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ज्या संशोधनाचे नेतृत्व करीत होते, त्यातून १९४०च्या दशकात या वर्गातील औषधे निर्माण झाली. प्रारंभी ती रक्ताच्या कर्करोगासाठी होती. ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. संधिवातात त्याची मात्रा कर्करोगाच्या मानाने फार कमी असते. औषध स्वस्त आहे, गुणकारी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘कर्करोगाची गोळी’ म्हणून धास्ती घेण्याचे कारण नाही. धास्ती असावी ती दुसऱ्याच गोष्टीची.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते.

आपल्या देशात औषधाच्या पाकिटावर ‘१–०–१’ अशी खूण करण्याची पद्धत आहे. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हे निरक्षर माणसासही समजते. उत्तम पद्धत आहे ती. परंतु आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या गोळीसाठी या खुणेत जागाच नाही. औषधविक्रेता सवयीने ‘०–०–१’ लिहितो आणि रुग्ण रोज रात्री गोळी घेतो. मात्रा सातपट होते. काही दिवसांतच तोंडात फोड येतात, अन्न गिळता येत नाही, रक्तातील पांढऱ्या पेशी व बिंबिका कमी होतात, आणि साध्या संसर्गाने प्राणावर बेतते. शेजारच्या तालुक्यातून आलेल्या एका मध्यमवयीन स्त्रीस अशाच अवस्थेत आपल्याकडे दाखल करण्यात आले होते. औषध अन्यत्र दिलेले होते. चिठ्ठीवर मजकूर बरोबर होता, पाकिटावर खूण चुकलेली होती. पतीने अत्यंत निष्ठेने रोज न चुकता गोळी दिली होती. ल्युकोव्होरिन हे उताऱ्याचे औषध, प्रतिजैविके आणि रक्तघटक देऊन ती बाई वाचली. पतीस मात्र ही गोष्ट समजावून सांगणे डॉक्टरांना उपचारापेक्षा कठीण गेले.

हा प्रकार आपल्याच देशातला नाही. ब्रिटनमधील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००६ साली याविषयी सूचना काढून रुग्णाजवळ राहणारी नोंदपुस्तिका देण्यास सांगितले. २०२० साली तेथील औषध नियंत्रकांनी आठवड्याचा वार ठरवून तो चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहावा असे कळविले. तेथेही वर्षानुवर्षे सूचना पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात, यावरून केवळ ‘नीट सांगा’ एवढ्याने हा धोका टळत नाही हे उघड आहे. व्यवस्थाच अशी हवी की चूक होण्यास वाव कमी राहावा.

आपल्या औषधालयात त्यानुसार जी व्यवस्था लावली आहे, तिचा थोडा तपशील देतो. बाजारात ही गोळी वेगवेगळ्या ताकदीची मिळते. औषधालयात एकाच ताकदीची ठेवली जाते, कारण अडीच मिलिग्रॅमच्या जागी दहाची गेली तर मात्रा चौपट होते. एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या मिळतात. फॉलिक आम्लाची गोळीही लहान व पुष्कळदा पिवळसरच असते, म्हणून ती वेगळ्या रंगाच्या पाकिटात आणि वेगळ्या वाराची. पाकिटावर खुणा न करता वार अक्षरांत लिहिला जातो. वार कोणता ठेवावा, यावर परिचारिका रुग्णाशी बोलतात. पुष्कळांचा आठवडी बाजाराचा दिवस ठरतो. तो विसरला जात नाही. उपवासाचा वार टाळतात, कारण ‘उपासाला गोळी चालते का’ या शंकेने गोळी राहून जाते, आणि दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या जातात. पुढच्या भेटीस रुग्णाने पाकीट परत आणावयाचे असते. दिलेल्या गोळ्या वजा शिल्लक गोळ्या, भागिले आठवडे. एवढा हिशेब औषधालयातील मुलगीही करू शकते, आणि उत्तर चुकले की रुग्णास थेट डॉक्टरांकडे पाठविले जाते.

ल्युकोव्होरिनचा थोडा साठा आपण कायम ठेवतो. तो क्वचितच लागतो, त्यामुळे त्यातील काही भाग दरवर्षी मुदतबाह्य औषधांच्या खाती लिहावा लागतो. लेखापरीक्षकांनी त्यावर विचारणा केली होती. अग्निशामक नळकांड्याचा खर्चही असाच असतो, असे उत्तर देण्यात आले व ते मान्य झाले.

नियमित रक्ततपासणी हा याच व्यवस्थेचा दुसरा भाग. प्रारंभी दर दोन ते चार आठवड्यांनी आणि मात्रा स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी आवश्यक असते. मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या वृद्धांत नेहमीची मात्राही जास्त ठरू शकते. लघवीच्या संसर्गासाठी दिले जाणारे को-ट्रायमोक्साझोल हे औषध मेथोट्रेक्सेटबरोबर घेणे घातक ठरू शकते; म्हणून ताप किंवा संसर्ग झाल्यास इतर कोणत्याही डॉक्टरांना पुस्तिका दाखवावी. गर्भधारणेची इच्छा असल्यास हे औषध आधीच बंद करावे लागते. नवविवाहित रुग्णांना हा विषय सासरच्या माणसांसमोर काढता येत नाही, हे लक्षात घेऊन परिचारिका तो एकांतात विचारते.

स्टेरॉइडविषयी थोडक्यात. योग्य मात्रेत व थोड्या काळासाठी ते उपयुक्त औषध आहे. पण ‘जादूच्या पुडी’ने दोन दिवसांत सांधे मोकळे झाले तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा संभव असतो. चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे ही त्याची किंमत. आणि अशी पुडी अनेक महिने घेऊन एकाएकी बंद करणे त्याहून धोक्याचे. रुग्णांनी ती लपवू नये, येथे कोणीही रागावत नाही.

आता विश्वस्त व देणगीदारांसमोर खर्चाची बाजू. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या असतात, आणि देयकांच्या रकमेचे २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे असतात. योजना योग्यच आहे. परंतु तिची भाषा मुख्यतः खाटांची आहे, आणि संधिवाताचा रुग्ण योग्य उपचार झाल्यास खाटेवर येतच नाही. तो वीस-तीस वर्षे बाह्यरुग्ण विभागात येत राहतो. त्याच्यावर झालेला खर्च केसपेपर, रक्ततपासणी, गोळी आणि परिचारिकेचा वेळ अशा किरकोळ रकमांत विखुरलेला असतो. तो कोणत्याही फलकावर लिहिता येत नाही.

देणगीदारांकडून यंत्रांसाठी उदारपणे विचारणा होते, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. हाडांची घनता मोजणारे यंत्र घ्यावे, अशीही एक सूचना आली होती. यंत्र उपयोगी आहे यात शंका नाही. तथापि, माझ्या मते या विभागाची पहिली गरज सांध्यांची मोजणी शिकलेल्या एका पूर्णवेळ परिचारिकेची आहे. सध्या ती आठवड्यातून एकच दिवस या विभागाला मिळते. वेतनासाठी देणगी देणाऱ्याचे नाव कशावर कोरावे, असा प्रश्न एका विश्वस्तांनी विचारला. रुग्णाच्या नोंदपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ते छापता येईल, असे सुचविले आहे. निर्णय विश्वस्त मंडळाचा. जैविक औषधांचा विषय येथे विस्ताराने घेतलेला नाही. ती मोजक्या रुग्णांना लागतात, त्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, आणि नेहमीची औषधे पूर्ण मात्रेत, मोजमापासह वापरून पाहिल्याखेरीज त्यांच्याकडे वळण्याची घाई डॉक्टर करीत नाहीत.

एक प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. थंडीच्या ऐन दिवसांत, सांधे सर्वांत आखडलेले असताना, हे रुग्ण कारखान्याच्या पालावर असतात. रक्ततपासणी चुकते, औषध संपते, आणि कोयता धरता येईना म्हणून जवळच्या दुकानातून दुखण्याची गोळी घेतली जाते. आमच्या डॉक्टरांनी यंदा मुकादमांमार्फत कोण कोणत्या कारखान्यावर जाणार याची यादी नवरात्रातच करण्याचे ठरविले आहे. जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या पुस्तिकेत तेथील जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव, करावयाच्या तीन तपासण्या आणि आपल्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असेल. अहवाल फोनवर वाचून दाखविला तरी चालेल. औषध किती आठवड्यांचे द्यावे, यावर अद्याप एकमत नाही : चार आठवड्यांचा नियम पाळला तर औषध मध्येच तुटते, आणि पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम हाती दिल्या तर तपासणीविना त्या घेतल्या जाण्याचा धोका राहतो. तूर्त आठ आठवड्यांच्या गोळ्या सोबत द्याव्यात व पुढील पाकीट तपासणीचा अहवाल कळविल्यानंतर गावाकडून जाणाऱ्या वाहनाबरोबर पाठवावे, असे ठरले आहे. ज्यांची वाहने कारखान्यांकडे जात-येत असतात, अशा वाचकांनी कार्यालयात आपली नावे नोंदवावीत, ही विनंती.